दात न मोजता घेतलेला टॅब

आमच्या दाजींनी आजवर एकही बैल दात मोजल्याशिवाय घेतलेला नाही. नेकनूरच्या बाजारात मी त्यांच्यासोबत कितीदा तरी गेलोय. दावणीतलं खोंड मनात भरलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. आधी जबडा उघडून खालचे दात मोजायचे. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, नाहीतर जुळलेला. वय कळलं की खुरं, मग वशिंड, मग डोळ्यांपुढं हात हलवून नजर. शेवटी गाडीला जुपून पन्नास पावलं चालवून आणायचा. एवढं झाल्यावर कुठं रुमालाखाली हेड्याच्या बोटांना बोटं लागायची. सौदा ठरला तरी बाजार समितीची पावती हातात पडेपर्यंत दाजी बैलाचं दावं हातात घेत नसत.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. शिकलेला, गावाला शहाणपण सांगणारा. दाजींच्याच पैशानं, त्यांच्याच लेकीसाठी मी ऑगस्ट २०२१ मध्ये एक टॅब घेतला, तो दहा मिनिटांत. दात मोजले नाहीत, चालवून बघितला नाही, पावतीही घेतली नाही. चार महिन्यांत टॅब बंद पडला तो कायमचा.

दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक शाळेच्या फाटकात गाठून विचारतो, "सर, पाच-सहा हजारांत टॅब मिळायलाय, घेऊ का?" त्याला उभ्या उभ्या जे सांगतो, ते एकदा बसून लिहावं म्हणून हा खटाटोप.

गरज खरी होती

अक्का आणि दाजी ऊसतोडीला जातात. टायरगाडी, दोन बैल आणि नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. दसरा झाला की धारूर तालुक्यातलं आमचं गाव निम्मं रिकामं होतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. भाची त्या वर्षी दहावीला होती. कोरोनामुळं शाळा कधी उघडायची, कधी मिटायची. अभ्यास यायचा तो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर, आणि तो गट होता अक्काच्या फोनवर. फोन अक्कासोबत फडावर जाणार. तेव्हा व्हॉट्सॲपचा एक नंबर एकाच मोबाइलवर चालायचा, त्यामुळं पोरीला तिचं स्वतःचं काहीतरी लागणारच होतं.

फोन दिला तर पोरगी त्यात अडकेल, टॅब दिला तर अभ्यास करेल, हा माझा तर्क. टॅबवरही तेच यूट्यूब, तेच गेम असतात, हे कळायला अक्कल फार लागत नाही. पण 'टॅब' या शब्दालाच शाळेचा वास येत होता.

दाजींनी मुकादमाकडून आलेल्या उचलीतले सहा हजार मोजून हातावर ठेवले. त्या हंगामात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता. एक कोयता दिवसाकाठी दोनेक टन ऊस तोडतो. सहा हजार रुपये म्हणजे बावीस टन ऊस, दोघांचे अकरा दिवस, पहाटेच्या थंडीपासून मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत. हा हिशेब मी केला, पण टॅब मेल्यावर.

दहा मिनिटांचा सौदा

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं सात इंची टॅब समोर ठेवला. खोक्यावर कंपनीचं नाव मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं, पण अक्षरं ठळक होती: फोर-जी, कॉलिंग, दोन जीबी रॅम, सोळा जीबी स्टोरेज. "ऑनलाइन क्लाससाठी हाच चाललाय सगळीकडं," तो म्हणाला. किंमत साडेसहा हजार. "पक्कं बिल नको असेल तर सहाला देतो." मी पाचशे वाचवले. कोऱ्या कागदावर तारीख आणि रक्कम लिहिलेली चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर पडलो. सौदा आपण जिंकला, असं वाटत होतं.

खरं तर मला सावध करणारी दोन उदाहरणं डोळ्यांसमोर होती.

पहिलं जुनं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅबलेट देशापुढं ठेवला. सरकारला तो साधारण २,२५० रुपयांना पडणार होता, विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्त. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मीही तो मिळावा म्हणून डोळे लावून बसलो होतो. आत होता ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबल्याशिवाय न ऐकणारा रेझिस्टिव्ह पडदा. संथपणाच्या आणि बॅटरीच्या तक्रारी आल्या. पुढं काम मुंबई आयआयटीकडं गेलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश-२' आला, पण पहिल्याची हवा तोवर विरली होती. किंमत आधी ठरवली आणि तिच्यात बसेल ते आत भरलं, असा तो प्रकार होता.

दुसरं उदाहरण तर शेजारचंच. मी टॅब घेतला त्याच ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका सरकारनं दिलेले मोबाइल परत करत होत्या. दोन जीबी रॅमचे फोन, त्यावर पोषण ट्रॅकर धड चालेना, ॲप इंग्रजीत, फोन तापायचा, अडकायचा, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सेविकांच्या माथी. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताई मला ओट्यावर बसून हे सांगत होत्या. मी मान डोलावली, सरकारला दोन शब्द सुनावले, आणि आठवड्याभरात तेवढ्याच रॅमचं यंत्र स्वतःहून विकत घेतलं. दुसऱ्याची ठेच आपल्या पायाला लागत नाही, हेच खरं.

चार महिन्यांचं आयुष्य

पहिला आठवडा बरा गेला. मग एकेक दात हलायला लागला.

बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड छापलेला असतो. तो दीक्षा ॲपमधून टिपला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. भाचीनं टॅब पुस्तकावर धरला. कोड काही टिपला जाईना. जवळ नेला तर धूसर, लांब नेला तर बारीक. बराच वेळ झटल्यावर उलगडा झाला की मागच्या कॅमेऱ्याला फोकसच नाही. हातभर लांबचं माणूस कसंबसं दिसेल, वीतभर अंतरावरचं अक्षर दिसणार नाही, असा तो कॅमेरा. आता वहीच्या पानाचा फोटो काढून शिक्षकांना पाठवायचा, हे तर रोजचं काम. तिकडून रोज एकच उत्तर यायचं: "फोटो स्पष्ट पाठवा." शिक्षक मीही आहे. असे फोटो पाठवणाऱ्या पोरांना मीही तेच लिहीत होतो. पलीकडं पोरगी चुकत नसून तिच्या हातातलं यंत्रच आंधळं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग जागा संपली. सोळा जीबीतली निम्म्याहून जास्त जागा टॅबची स्वतःचीच व्यवस्था खाते. उरलेल्यात दीक्षा, गूगल मीट, व्हॉट्सॲप आणि गटावर येणारे दोनशे फोटो. महिनाभरात 'स्टोरेज फुल'. मी मेमरी कार्ड आणून घातलं. फोटो, पीडीएफ त्यात गेले, पण ॲप काही तिकडं जाईनात, आणि ॲपच सगळ्यात जास्त फुगत होते. भाची रोज संध्याकाळी काहीतरी पुसत बसायची. "मामा, आज काय काढू, मीट का दीक्षा?" असा तिचा फोन यायचा. अभ्यासापेक्षा झाडलोटच जास्त.

तिसरा खर्च मी धरलाच नव्हता. टॅबला वेगळं सिमकार्ड, सिमला वेगळा रिचार्ज. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. २४९ चा रिचार्ज डिसेंबर २०२१ मध्ये २९९ झाला. तेरा रिचार्जचे झाले ३,८८७ रुपये. बैल सहा हजारांचा आणि वैरण वर्षाला चार हजारांची.

डिसेंबरात चार्जिंगची पिन बसते तो भाग ढिला झाला. आजीनं टॅबखाली पोथी ठेवायची, वायर एका कोनात वाकवायची, वर वाटी ठेवायची, मग कुठं बॅटरीची खूण दिसायची. एके दिवशी तीही दिसेना. तालुक्याच्या दुकानदारानं हात वर केले: "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या." त्या कंपनीचं सेंटर बीडमध्ये नव्हतं, औरंगाबादला होतं. तेव्हा एसटीचा संप चालू होता. खासगी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून बीड गाठलं, तिथून दुसरी गाडी करून पुढं. काउंटरवरच्या पोरानं टॅब उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "बिल?" मी चिठ्ठी पुढं केली. त्यानं ती न वाचताच परत दिली. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. बोर्ड बदलावा लागेल, बत्तीसशे रुपये. सहा हजारांच्या टॅबला बत्तीसशेची दुरुस्ती आणि वर जाण्या-येण्याचं भाडं. टॅब तसाच पिशवीत घालून परत आलो.

रात्री फडावर फोन लावला. अक्का रडवेली झाली. दाजी मात्र रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, दात मोजले व्हते का?"

भाचीची परीक्षा १५ मार्च २०२२ पासून शाळेतच, कागदावर झाली. छापील पुस्तकं, मैत्रिणींच्या वह्या आणि माझा रविवारचा तास, एवढ्यावर ती चांगल्या गुणांनी पास झाली. त्यात टॅबचा वाटा काहीच नव्हता.

आधी काम ठरवा

एवढं भोगल्यावर आता कुणी "स्वस्त टॅब घेऊ का?" असं विचारलं, तर मी उलट विचारतो, "कशासाठी?" उत्तर 'अभ्यासासाठी' असं मोघम आलं की पुढं बोलत नाही. बैलसुद्धा शेतासाठी वेगळा आणि टायरगाडीसाठी वेगळा बघतात.

पीडीएफ पुस्तकं वाचायची, रेकॉर्ड केलेले तास बघायचे, सराव प्रश्नपत्रिका सोडवायच्या, एवढंच काम असेल तर मध्यम किमतीचा टॅब घेण्यासारखा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कीर्तन बघायचं असेल, बातम्या ऐकायच्या असतील, तरीही आहे. पण लांबलचक लिहायचं असेल, हिशेबाचे तक्ते भरायचे असतील, कॉलेजचे प्रकल्प करायचे असतील, तर स्वस्त टॅब नको. त्यापेक्षा थोडे पैसे घालून खात्रीच्या माणसाकडून जुना लॅपटॉप घेतलेला बरा. आणि घरात चांगला मोठ्या पडद्याचा फोन असेल, तर सात इंची टॅब घेऊच नका. दोन्हींत फार फरक नाही.

हे मापून बघता येतं. सात इंची टॅबचा पडदा साधारण बावीस चौरस इंच, साडेसहा इंची फोनचा सोळाच्या आसपास. दहा इंची टॅबचा मात्र पंचेचाळीस चौरस इंच. म्हणजे सात आणि दहा यांतलं अंतर तीन इंचांचं दिसलं तरी जागा दुप्पट मिळते. बालभारतीचं पान सात इंचांत उघडलं की प्रत्येक परिच्छेद बोटांनी मोठा करावा लागतो, मग सरकवावा लागतो. दहा इंचांत पान बरंचसं पुस्तकासारखं दिसतं. वाचनासाठी टॅब घ्यायचा तर दहाच्या आसपासचाच घ्या.

मग दात मोजा

रॅम: चार जीबीच्या खाली जाऊ नका. जाहिरातीत 'चार अधिक चार, आठ जीबी' असं लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. वरचे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, आणि उसन्या बळावर गाडी चढ चढत नाही.

स्टोरेज: ६४ जीबी. मेमरी कार्ड हे कोठार आहे, तिथं पुस्तकं आणि व्हिडिओ ठेवा. ॲप राहतात ते घरातच.

अँड्रॉइडची आवृत्ती: सेटिंगमध्ये 'टॅबलेटविषयी' उघडून बघा. ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर टॅब नवा असला तरी वय झालेला आहे. तिथंच सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. वर्षभरापूर्वीची असेल, तर कंपनीनं त्याच्याकडं पाठ फिरवली आहे असं समजा. शिष्यवृत्तीसाठी, बँकेसाठी आधारला जोडलेले व्यवहार त्यावर करणार असाल तर हे फार महत्त्वाचं.

अनोळखी कंपन्यांच्या काही टॅबमध्ये सेटिंगमधले आकडेही खोटे असतात. जुना बैल दात घासून तरणा दाखवावा, तसलाच प्रकार. सीपीयू-झेडसारखं ॲप टाकून ताडून बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली हे यंत्र प्ले प्रोटेक्ट प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं. नसेल तर तिथूनच मागं फिरा.

टॅबवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह असतं आणि 'आर' अक्षरानंतर नोंदणी क्रमांक असतो. भारतात विकायच्या टॅबला ही नोंदणी सक्तीची आहे. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

चालवून बघा

खोका उघडून टॅब चालू करायला दुकानदार तयार नसेल, तर दुकान बदला. चालू झाल्यावर ही पाच कामं टॅबकडून करून घ्या. बालभारतीचं एखादं जाडजूड पीडीएफ उघडून पन्नास पानं भराभर सरकवा, पान पांढरं पडून थांबतं का बघा. मराठी कळफलकावर दोन ओळी लिहा, अक्षर उमटायला उशीर होतो का बघा. वही आणि पुस्तक सोबत न्या, वहीच्या पानाचा फोटो काढा आणि पुस्तकातला क्यूआर कोड टिपा. टॅब घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात उभे राहा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पोरं झाडाखाली अभ्यास करतात, तिथं पडदा दिसला पाहिजे. शेवटी चार्जर लावून पिन हलवून बघा. जुन्या धाटणीची मायक्रो यूएसबी असेल तर नकोच. उलट-सुलट कशीही बसणारी टाइप-सी घ्या.

ऑनलाइन मागवत असाल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा आणि हीच तपासणी परत करायची मुदत संपायच्या आत उरका. कित्येक वस्तूंवर पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळते. ही अट मागवण्याआधी वाचा.

वैरण आणि वैद्य

सिम घालायचा टॅब घ्यायचा की नुसत्या वायफायचा? घरात कुणाच्याही फोनला रोजचा डेटा असेल, तर वायफायचा घ्या आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा. किंमतही कमी आणि वर्षाचे तेरा रिचार्जही वाचले. ज्या घरात पोर एकटं राहतं आणि दुसरा फोनच नाही, तिथंच सिमचा घ्या. पण मग तीन वर्षांची वैरण किमतीत धरून निर्णय करा.

टॅब घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते शोधा. बीडमध्ये असेल तर उत्तम, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला असेल तर विचार करून, त्याच्याही पलीकडं असेल तर सोडून द्या. ज्याचा वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर आहे, असं जनावर दावणीला बांधण्यात अर्थ नाही.

पावती

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलावर मॉडेल आणि यंत्राचा अनुक्रमांक आहे ना, ते दुकानातच वाचा. सिमचा टॅब असेल तर आयएमईआय क्रमांकही हवा. तो *#०६# दाबून किंवा सेटिंगमध्ये बघून ताडून घ्या. बिल नको म्हणून पाचशे वाचवणारा माणूस वर्षभराची वॉरंटी पाचशेला विकत असतो. मी ती विकली.

बिल हातात असेल तर दाद मागायला वाट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं माणूस राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते, त्यासाठी कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. माझ्याकडं हे सगळे रस्ते होते, फक्त त्यांवर चढायला लागणारा कागद नव्हता.

विकत घेण्याआधी हेही बघा

पोरगं जेईई, नीट किंवा सीईटीची तयारी करत असेल आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातलं असेल, तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची योजना बघा. निवडलेल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासोबत टॅब आणि इंटरनेट डेटा मोफत दिला जातो. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कित्येक घरांतली मुलं त्यात बसू शकतात. अर्जाची मुदत ठरलेली असते, म्हणून दहावीच्या निकालाआधीपासूनच चौकशीला लागा.

आणि टॅब आला की त्याच दिवशी गूगलचं फॅमिली लिंक ॲप पालकांच्या फोनवर टाका. कोणतं ॲप किती वेळ चाललं, ते फडावर बसलेल्या बापालाही दिसतं. आजी-आजोबांना पोरावर लक्ष ठेवायला सांगणं सोपं असतं, पण पडद्यात काय चाललंय ते त्या बिचाऱ्यांना कळत नाही.

दुसरा टॅब

भाची अकरावी विज्ञानाला अंबाजोगाईला गेली. जून २०२२ मध्ये पुन्हा टॅबचा विषय निघाला. मी घाबरून "नको" म्हणत होतो. दाजी म्हणाले, "एक बैल मेला म्हणून नांगर खुंटीला टांगत नसतेत. या बारीला मी येतो."

बीडला गेलो. दहा इंची, चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वायफायचा, माहितीतल्या कंपनीचा टॅब. किंमत चौदा हजार. निम्मे माझे, निम्मे दाजींचे. भाची पुस्तक आणि वही घेऊनच आली होती. तिनं कोड टिपला, पान सरकवलं, मराठीत स्वतःचं नाव लिहिलं. मी सेटिंगमधले आकडे वाचून दाखवत होतो. पाऊण तास झाला तसा दुकानदार कंटाळला. "काका, बंद पिशवीतलाच माल असतो, एवढं काय बघायचं?" दाजींनी शांतपणे विचारलं, "तुमी बैल घेतलाय का कधी?"

तो टॅब आज तीन वर्षांहून जास्त चालतोय. भाचीचा झाला, आता तिच्या धाकट्या भावाकडं आहे. पहिल्या तीन वर्षांचाच हिशेब धरला तरी महिन्याला ३८९ रुपये पडले. सहा हजारांचा तो स्वस्त टॅब महिन्याला दीड हजारांना पडला होता. स्वस्त काय आणि महाग काय, हे खोक्यावरच्या आकड्यातून कळत नाही. त्याला महिन्यांनी भागावं लागतं.

त्या दिवशी दुकानातून निघताना बिल मी घडी करून खिशात घालायला लागलो. दाजींनी ते माझ्या हातातून घेतलं. सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. तिच्यात नेकनूरच्या बाजारातल्या दोन्ही बैलांच्या पावत्या होत्या, घड्यांवर विरलेल्या. टॅबचं बिल त्यांनी त्या पावत्यांच्या मधोमध ठेवलं, पिशवीचं तोंड दुमडलं आणि मगच लेकीला म्हणाले, "आता घे हातात."